परत घेता येणारे शस्त्र

अर्धस्वयंचलित रायफल विकत घेताना माणूस दोन गोष्टी पाहतो: किंमत परवडते का, आणि ऐन वेळी ती अडकणार तर नाही ना. ज्या देशांत अशी खरेदी दुकानात जाऊन करता येते, तिथे या दोन प्रश्नांचा बराच खल होतो. त्यांच्याही आधीचा प्रश्न धर्माचा आणि नीतीचा आहे. घरादाराच्या रक्षणासाठी खासगी माणसाने किती ताकदीचे शस्त्र हाती घ्यावे, आणि तो अधिकार त्याला कुठून मिळतो? हा प्रश्न तपासायला भाईंदरच्या पश्चिमेचे, उत्तनच्या पुढचे चौक गाव योग्य आहे. खाली ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती, टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आणि चिमाजी अप्पांचा पुतळा, समोर वसईच्या खाडीचे मुख, आणि मागे भाईंदर शहरात जैनांचा मोठा समाज. शस्त्राकडे पाहण्याच्या तीन जुन्या परंपरा इथे शेजारी शेजारी राहतात.

कायद्याने दिलेले उत्तर स्पष्ट आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांच्याखाली अर्धस्वयंचलित रायफल साध्या परवान्यावर मिळत नाही. सामान्य परवानाधारकाला बारा बोअरची बंदूक, रिव्हॉल्व्हर, .२२ ची हलकी रायफल किंवा सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ ची बोल्ट ओढायची रायफल घेता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे असू शकतात असे ठरले. याच अधिनियमाच्या १४ व्या कलमात एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून त्याला परवाना नाकारता येत नाही. जिवाचे मोल जमीनजुमल्यावर ठरत नाही, हे तत्त्व कायद्याने इथे मान्य केले आहे. कमी पैशांत संरक्षण शोधणाऱ्याची गरज म्हणूनच हलकी समजता येत नाही. मच्छीमाराच्या घरालाही चोराचे भय असते आणि तिथे पहारेकरी नेमलेला नसतो.

तरीही रायफलीची जात बदलली की नैतिक स्थिती बदलते. बोल्टच्या रायफलीत एक गोळी झाडली की हाताने बोल्ट मागे ओढून पुढे ढकलावा लागतो, तेव्हा रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढचे काडतूस नळीत चढते. अर्धस्वयंचलित रायफल हे काम उडालेल्या काडतुसाच्या वायूच्या किंवा धक्क्याच्या जोरावर स्वतःच करते. चाप प्रत्येक गोळीला नव्याने ओढावा लागतो, पण दोन गोळ्यांमधले हाताचे काम संपते. ते काम एखाददुसऱ्या क्षणाचे असले तरी तेवढ्या क्षणात अंधारात समोर कोण आहे हे दिसू शकते, पळणारा पळून जाऊ शकतो, आणि झाडणाऱ्याला आपण काय करतो आहोत याचे भान येऊ शकते. सैनिकाला तो क्षण महाग पडतो, म्हणून सैन्यांनी तो काढून टाकला. घरातल्या माणसाच्या हातून तो काढून घेणे म्हणजे त्याच्या विवेकाला मिळणारी शेवटची सवड काढून घेणे होय.

शस्त्र विश्वासू आहे असे म्हणताना ते हुकमी चालते एवढेच बोलणाऱ्याच्या मनात असते. पण हुकमी चालणारी रायफल प्रसंग पाहून चालत नाही. दरोडेखोर आला त्या रात्री ती जशी चालेल, तशीच भाऊबंदकीच्या भांडणात, दारूच्या भरात, मुलाच्या हाती लागल्यावर किंवा घरातल्या कुणाच्या निराशेच्या घटकेलाही चालेल. यांतले बहुतेक प्रसंग दरोड्यापेक्षा घराच्या जास्त जवळचे आहेत. शिवाय चौकसारख्या गावात घराला घर लागून असते, आणि रायफलीची गोळी पातळ भिंतीशी थांबत नाही. शेजाऱ्याच्या जिवावर ओढवणारा धोका किमतीच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, पण धर्माच्या हिशेबात तो पहिल्या ओळीत यायला हवा.

महाभारताने हा विषय ज्या खोलीने हाताळला आहे, तशी खोली इतरत्र क्वचितच सापडते. द्रोणाचार्यांनी ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनाला दिले. अश्वत्थाम्याने हट्ट धरला म्हणून त्यालाही दिले, पण मनाविरुद्ध, आणि माणसांवर ते कधी टाकू नकोस अशी ताकीद देऊन. पुढे अश्वत्थामा कृष्णाकडे सुदर्शन चक्र मागायला गेला. कृष्णाने घे म्हटले, आणि त्याला ते जागचे हलवताही आले नाही. सौप्तिक पर्वात, झोपलेल्यांची कत्तल केल्यानंतर कोंडीत सापडलेला अश्वत्थामा ब्रह्मशिर सोडतो आणि उत्तरादाखल अर्जुनही सोडतो. व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो, कारण त्याच्याकडे व्रताचे बळ आहे. अश्वत्थाम्याला ते जमत नाही, आणि त्याचे अस्त्र पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर जाऊन पडते. दोघांचे शस्त्र एकच, गुरूही एकच, आणि नेमही दोघांचा अचूक. फरक एवढाच की एकाला थांबता येत होते. शस्त्राची पात्रता कशी मोजावी याचे माप व्यासांनी इथे दिले आहे: सोडण्याची ताकद सगळ्यांना मिळू शकते, आवरण्याची ताकद साधनेने मिळवावी लागते, आणि ती नसेल त्याला शस्त्र देणाऱ्या गुरूकडेही दोष जातो.

चौकच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या परंपरेत हाच पेच वेगळ्या रीतीने येतो. शुभवर्तमानांत येशू शिष्यांना झगा विकून तलवार घ्यायला सांगतो, आणि त्याच रात्री गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार चालवल्यावर त्याला ती म्यानात घालायला लावून जखमी सेवकाचा कान बरा करतो. ऑगस्टिनला खासगी माणसाने स्वतःच्या जिवासाठी दुसऱ्याला मारणे पटत नव्हते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्यातून वाट काढली. स्वतःला वाचवणे हा हेतू असेल आणि मारेकऱ्याचा मृत्यू हा त्याचा अनिष्ट परिणाम असेल, तर ते कृत्य क्षम्य आहे, पण वापरलेले बळ गरजेपुरतेच असले पाहिजे. ठार मारण्याचा हेतू धरून शस्त्र उचलणे खासगी माणसाला शोभत नाही, तो अधिकार समाजाच्या वतीने काम करणाऱ्या सत्तेचा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने हीच भूमिका कायम ठेवली, आणि ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी संरक्षण हे गंभीर कर्तव्यही ठरवले. अक्वायनसची अट आणि भारतीय न्याय संहितेचे ३७ वे कलम यांतले साम्य लक्षणीय आहे. बचावासाठी आवश्यक त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर बचावाचा हक्कच उरत नाही.

गावाच्या माथ्यावरच्या किल्ल्याने शस्त्राची सार्वजनिक बाजू पाहिली आहे. धारावीचे ठाणे हाती असेल त्याला खाडीच्या तोंडावर नजर ठेवता येई. म्हणून १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज दोघांनाही ते हवे होते. १७३९ मध्ये ते मराठ्यांकडे आले, आणि मे महिन्यात वसई पडली. त्या वेढ्यात मराठ्यांची माणसे हजारोंनी खर्ची पडली होती, सूड घ्यायला कारण भरपूर होते. तरी शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले गेले. एवढी मोठी फौज ठरल्या क्षणी थांबली, कारण तिला हुकूम देणारा होता आणि त्या हुकमाची जबाबदारी घेणाराही होता. युद्धाचे समर्थन करायचे तर ते या बळावरच करता येते. एकट्याच्या कपाटातल्या रायफलीला वरून थांब म्हणणारा कुणी नसतो.

जैन आचारशास्त्र हिंसेचे चार प्रकार करते: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली हिंसा, पूर्ण वर्ज्य आहे. हल्ला परतवताना घडणारी विरोधी हिंसा त्याच्या व्रतात नाइलाज म्हणून बसते. पण ही परंपरा वापरणाऱ्यापाशी थांबत नाही. श्रावकाच्या अनर्थदंडव्रतात हिंसादान नावाचा दोष सांगितला आहे. शस्त्र, विष, आग यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याला पुरवणे हेही पाप ठरते. रायफल स्वस्त करून घरोघरी पोचवणाऱ्या व्यापाराची इतकी थेट नैतिक तपासणी आधुनिक कायद्यांनाही सहसा जमलेली नाही.

याच्या विरुद्ध बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही, आणि महाराष्ट्रात तो जोरकसपणे मांडला गेला आहे. १९१५ च्या गीतारहस्यात लोकमान्य टिळकांनी अहिंसेचे अपवाद चर्चिले. घर जाळायला, विष घालायला, स्त्री पळवायला आलेल्या आततायीपुढे हात जोडून बसणे त्यांना धर्म वाटत नव्हते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले आणि गोऱ्यांना मोकळे ठेवले, हा सल टिळकांच्या पिढीला होता, आणि गांधीजींनीही तो कायदा काळा मानला. गांधीजींचे मत तर अनेकांच्या समजुतीहून कठोर होते. १९०८ साली जोहान्सबर्गमध्ये त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. आपण तिथे असतो तर काय करायला हवे होते, असे थोरल्या मुलाने विचारले, तेव्हा बळ वापरूनही वडिलांना वाचवणे हे तुझे कर्तव्य होते असे त्यांनी सांगितले. भेकडपणापेक्षा हिंसा बरी, हे त्यांनी १९२० मध्ये लिहून ठेवले आहे. मात्र टिळक आणि गांधीजी दोघांनीही धैर्याचा अधिकार मागितला होता. त्या धैर्यासाठी कोणते यंत्र लागते हा प्रश्न त्यांच्या मांडणीत नाही, आणि आततायीला अडवण्याच्या धर्मातून वेगाने गोळ्या झाडण्याचा हक्क आपोआप निघत नाही.

मुंबईवरच्या हल्ल्याची, २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र या वादात दोन्ही बाजूंनी आठवली जाते. मारेकरी समुद्रातून, एका बळकावलेल्या मासेमारी नौकेच्या आधाराने आले. त्यांच्याकडे एके रायफली होत्या, आणि पहिला सामना करणाऱ्या पोलिसांकडे जुन्या .३०३ किंवा नुसत्या लाठ्या. पोलिसांच्या हाती चांगले शस्त्र हवे होते, यात शंका नाही, आणि राज्याने नंतर फोर्स वन हे पथक उभारले तेही योग्यच. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी मात्र मारेकऱ्यांतल्या कसाबच्या रायफलीची नळी रिकाम्या हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि कसाब जिवंत सापडला. त्यामुळे खटला उभा राहिला, कट उघड झाला. शस्त्राची बरोबरी शस्त्रानेच होते या समजुतीला याहून मोठे उत्तर देता येणार नाही. त्यानंतर किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांना रायफली वाटल्या गेल्या नाहीत. मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, नौकांची नोंदणी कडक झाली, आणि अनोळखी होडी दिसली की कळवायचे काम त्यांच्यावर आले. चौक आणि उत्तनच्या नाखव्यांनी समुद्र रोज पाहिलेला असतो, आणि संरक्षणात त्यांचा खरा वाटा हाच आहे.

या सगळ्यातून निघणारा निर्णय असा. खासगी माणसाला स्वतःच्या आणि घरच्यांच्या जिवासाठी लढण्याचा हक्क आहे, आणि गरज पडली तर शस्त्राचाही. पण त्या शस्त्रात थांबायला जागा असली पाहिजे, आणि ते झाडणाऱ्याला कुणापुढे तरी जाब द्यावा लागला पाहिजे. अर्धस्वयंचलित रायफल पहिल्या कसोटीला उतरत नाही, म्हणून कितीही स्वस्त आणि कितीही निर्दोष असली तरी तिची जागा हुकमाखाली आणि हिशेबाखाली असलेल्या दलाकडेच आहे. भारतीय कायदा तिला साध्या परवान्याबाहेर ठेवतो ते बरोबर आहे. मात्र ज्या राज्याने नागरिकाच्या हातून ती दूर ठेवली, त्याच्यावर दुसरी जबाबदारी येते: चौकच्या शेवटच्या घरातून मध्यरात्री ११२ वर फोन गेला तर पोलिसांची गाडी वेळेत त्या दारात उभी राहिली पाहिजे.