फिर्यादीवांचून अपराध

सोलापूरचा उन्हाळा हा वाचकांस नव्यानें सांगण्याचा विषय नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. हवा कोरडी असते तोंवर वाळ्याचे पडदे लावलेला कूलर घर निववितो. कारण पाण्याची वाफ होतांना ती आपली उष्णता हवेंतूनच घेते. परंतु जूनच्या आरंभीं हवेंत ओल शिरली कीं तोच कूलर निरुपयोगी होतो. शिवाय ज्या शहरानें नळाच्या पाण्याची वाट दिवस मोजून पाहिली आहे, तेथें त्याची टांकी भरणें हेंहि सोपें नसतें. तेव्हां मध्यमवर्गीय गृहस्थ वातानुकूल यंत्राकडे, म्हणजे सर्वांच्या बोलण्यांतील एसीकडे, वळतो. आम्हीहि वळलों. यास विलास म्हणून नाकें मुरडणाऱ्यांत आम्ही नाहीं. म्हाताऱ्या माणसांस कडक उन्हाळ्यांत तें यंत्र औषधासारखें उपयोगी पडतें. तें घ्यावें कीं न घ्यावें हा आमचा प्रश्नच नाहीं. तें बिघडल्यावर काय करावें, हा आहे.

सलग तीन उन्हाळे आमच्या यंत्रानें मे महिन्यांत दगा दिला, आणि तीनहि वेळां एकच निदान झालें : ‘सर, गॅस कमी झालाय.’ गॅस भरला, पैसे दिले, खोली थंड झाली, विषय संपला. आतां, दिव्यांतलें तेल जळून संपतें तसा हा वायु संपत नाहीं. तो तांब्याच्या नळ्यांतून बंद फेऱ्यांत फिरतो. आंत द्रवाचा वायु होतांना खोलीची उष्णता घेतो, बाहेर पुन्हां द्रव होतांना ती टाकतो. बंद फेऱ्यांतून वस्तु कमी झाली, तर ती कोठें तरी गळली, हें शाळकरी मुलासहि कळावें. आम्हांसहि तें कळत होतें. प्रस्तुत लेखाचें कारण हेंच.

आमच्या जुन्या यंत्रांतील वायूस आर-२२ म्हणतात. शंभर वर्षांच्या हिशेबानें त्याचा एक किलो कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें १८०० किलोंइतकी उष्णता पृथ्वीभोवतीं कोंडतो. ओझोनच्या थरासहि अपाय करतो. या कुळांतील पहिला वायु टॉमस मिजली व त्याचे सहकारी यांनीं १९२८ सालीं काढला तो चांगल्या हेतूनें; कारण त्यापूर्वींच्या शीतयंत्रांतील वायु विषारी होते. त्याचा ओझोनवरील परिणाम मोलिना व रोलंड यांनीं दाखविला तो १९७४ सालीं, आणि माँट्रियलचा करार झाला १९८७ सालीं. मिजलीस या बाबतींत अज्ञानाची सबब आहे. आम्हांस ती नाहीं.

कोणी म्हणेल, एका घरच्या किलोभर वायूनें जगाचें काय बिघडणार? हा युक्तिवाद आम्हींच तीन वर्षें स्वतःशीं केला असल्यामुळें त्याची गोडी आम्हांस ठाऊक आहे. त्यांतील मेख अशी कीं, तो बव्हंशीं खरा आहे. आमच्या वायूनें अमक्याच्या अंगावर ऊन अधिक तापलें, हें कोणासहि दाखवितां यावयाचें नाहीं. चोरीस धनी असतो, मारहाणीस जखमी असतो. येथें फिर्यादीच नाहीं. कांट विचारील कीं, सर्वांनींच असें केलें तर? परंतु सर्वजण करीतच आहेत, आणि तीच तर आमची सबब!

आम्हांस वाटतें, अपराध नुकसानीपर्यंत जाण्यापूर्वींच घडून चुकलेला असतो. ‘गॅस कमी झालाय’ हें वाक्य अर्धसत्य आहे हें बोलणारा जाणतो, ऐकणाराहि जाणतो, आणि दोघेहि दुसऱ्याच्या मौनाचे उपकार मानतात. यांत त्या तरुणाचा दोष किती? गळती शोधावयाची तर नळ्यांत दाबानें नायट्रोजन भरावा लागतो, सांध्यांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे पाहावे लागतात, दुरुस्तीनंतर पंप लावून आंतली हवा व ओल काढावी लागते. अर्धा दिवस जातो. मे महिन्यांत त्यास दहा घरीं जावयाचें असतें, आणि अर्ध्या दिवसाची मजुरी देण्यास गिऱ्हाईक तयार नसतें. हें काम तो तिसऱ्या मजल्याच्या अरुंद छज्ज्यावर, दोरीवांचून, भर उन्हांत उभा राहून करतो. त्याच्या स्वतःच्या घरास पत्र्याचें छप्पर आणि एक पंखा आहे, हें त्यानेंच एकदां सहज सांगितलें होतें. त्याचें खोटें स्वस्त असतें, म्हणून आम्ही तें विकत घेत होतों.

गिरण्यांच्या गांवास याचें नवल वाटूं नये. हवेची निगा राखण्याची ही आधुनिक कला मुळांत माणसासाठीं निघालीच नाहीं. विलिस कॅरियरनें १९०२ सालीं आपली योजना आंखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठीं, ओलीनें कागद बिघडूं नये म्हणून; आणि ‘एअर कंडिशनिंग’ हें नांव १९०६ सालीं देणारा स्टुअर्ट क्रेमर हा कापडगिरण्यांचा इंजिनियर होता. सूत तुटूं नये म्हणून गिरणींतील हवा ओलसर ठेवीत; त्या ओलींत माणूस भिजे तो भिजे.

मग जुनें टाकून नवें घ्यावें काय? नव्या यंत्रास वीज कमी लागते. त्यांत बहुधा असणाऱ्या आर-३२ ची उष्णता कोंडण्याची शक्ति जुन्या वायूच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडीच अधिक आहे. हिशेब सोपा दिसतो. पण जुनें यंत्र जातें भंगारवाल्याकडे, आणि तो तांब्यासाठीं नळी कापतो. तीन उन्हाळ्यांत जें थोडें थोडें गळलें, तें एका दुपारीं एकदम जातें. वायु सिलिंडरमध्यें काढून घेण्याचीं यंत्रें असतात. तीं तुमच्याकडे आहेत काय, असें विचारतां तो तरुण हंसला : ‘सर, आजवर कुणी विचारलंच नाही.’

शेवटीं आम्हीं जुनेंच ठेवलें, अर्ध्या दिवसाची मजुरी ठरविली, आणि एक जाड दोरी आणविली. ती कमरेस बांधण्यास त्याचा संकोचच अधिक होता. गळती सांपडली ती बाहेरच्या यंत्राजवळील एका नटाशीं. वाटाण्याएवढा एकच बुडबुडा तेथें पुन्हां पुन्हां फुगत होता.

यंदा गॅस भरावा लागला नाहीं. त्या बाहेरच्या यंत्राचें तोंड मात्र शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे आहे, आणि येथें फिर्यादी आहे, तो फक्त बोलत नाहीं. तें फिरविण्यास भिंतींत नवीं भोंकें पाडावीं लागतील, असें त्या तरुणानें सांगितलें आहे. आम्हीं अद्याप त्यास होय म्हटलेलें नाहीं.