किती दिवसांत?

फुटबॉलच्या सामन्यांसाठीं नवें स्टेडियम बांधावयाचें ठरलें कीं पहिला प्रश्न ‘खर्च किती?’ हा, आणि दुसरा ‘दिवस किती लागतील?’ हा असतो. दोन्ही प्रश्न स्थापत्यविशारदांनीं सोडवावयाचे. नीतिविचाराचा त्यांत काय संबंध, असें कोणासहि वाटेल. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. परंतु दुसऱ्या प्रश्नाचीं निरनिराळ्या ठिकाणीं मिळालेलीं उत्तरें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं असतां त्यांत इतकी तफावत आढळते कीं, केवळ लोखंड, काँक्रीट व यंत्रें यांच्या हिशेबानें तिचा उलगडा होत नाहीं.

लंडनचें जुनें वेंब्ली स्टेडियम अवघ्या ३०० दिवसांत उभें राहिलें. काम पुरें झालें न झालें तोंच, २८ एप्रिल १९२३ रोजीं, त्यांत एफ. ए. कपचा अंतिम सामना झाला. अधिकृत मोजणीप्रमाणें १,२६,०४७ प्रेक्षक आंत शिरले; प्रत्यक्षांत आलेला समुदाय दोन लाखांच्या घरांत असावा असा अंदाज आहे. लोंढा थेट मैदानावर पसरला, आणि घोडेस्वार पोलिसांनीं तो हळूहळू मागें सारल्यानंतरच खेळास आरंभ होऊं शकला. वास्तु तयार होती; तींत माणसें कशीं यावयाचीं व कोठें थांबावयाचीं याचा विचार तयार नव्हता. पुढें ही वास्तु पाडून त्याच जागीं ९०,००० आसनांचें नवें वेंब्ली बांधण्यांत आलें. तें २००६ च्या मे महिन्यांतील अंतिम सामन्यास सज्ज व्हावयाचें होतें. प्रत्यक्षांत तें हातीं आलें २००७ च्या मार्चमध्यें. आजोबांच्या काळीं जें काम वर्षाच्या आंत झालें, त्यास नातवांच्या काळीं, यंत्रसामर्थ्य कितीतरी वाढलेलें असतां, चार वर्षांहून अधिक काळ लागला. मग आपण आळशी झालों काय?

आमच्या मतें नाहीं. १९०२ सालीं ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावरील लांकडी गॅलरी सामना चालू असतांना कोसळून २५ माणसें दगावलीं. १९८९ सालीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन अखेर ९७ जणांचा बळी गेला. त्यानंतर इंग्लंडमधील वरच्या दर्जाच्या संघांच्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकास आसन असलेंच पाहिजे असा नियम झाला. जिने किती रुंद असावेत, दारें किती असावींत, आग लागल्यास सूचना कशी मिळावी, हे नियम उतावळ्या माणसास कारकुनी अडथळे वाटतात. परंतु त्यांतील कित्येकांच्या मुळाशीं कोणाचें तरी मरण आहे. नियम पाळण्यांत जो काळ जातो, तो त्या मृतांचें आपण देणें लागतों म्हणून जातो. त्यास दिरंगाई म्हणणें कृतघ्नपणाचें होईल.

तथापि एवढ्यावरून ‘सावकाशपणा तेवढा चांगला’ असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराच्या क्लबानें नव्या स्टेडियमचें काम २००७ सालीं काढलें. २००९ च्या फेब्रुवारींत पैशाअभावीं तें थांबलें, आणि पुन्हां सुरू होण्यास २०२५ चा जानेवारी उजाडला. जवळजवळ सोळा वर्षें काँक्रीटचा उघडा सांगाडा शहरांत तसाच उभा होता. या सोळा वर्षांत वास्तु अधिक सुरक्षित झाली नाहीं, कीं कोणाचें म्हणणें अधिक काळजीनें ऐकलें गेलें नाहीं. लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबाची कथा याहून संमिश्र आहे. १८९२ पासूनचें आपलें मैदान सोडण्यासाठीं त्यानें गोदीकांठची एक योजना आंखली, ती २००३ सालीं द्रव्याभावीं बारगळली. दुसरी शहराबाहेरची योजना २००९ सालीं सरकारनें नाकारली. अखेर दुसऱ्या एका जुन्या गोदींत वाळू भरून २०२१ सालीं कामास आरंभ झाला व २०२५ च्या ऑगस्टमध्यें तेथें लीगचा पहिला सामना झाला. पायापासून मोजणारा चार वर्षें सांगेल. पहिल्या संकल्पापासून मोजणारा दोन तपें सांगेल. त्या दोन तपांत कित्येक वृद्ध प्रेक्षक नव्या मैदानाची वाट पाहतां पाहतां निघून गेले असतील. विलंबाचीहि किंमत असते, आणि ती बहुधा आयुष्यांतच मोजली जाते.

उलट बाजूस कतार आहे. २०१० सालीं त्या देशास २०२२ ची विश्वचषक स्पर्धा मिळाली. वर्ष ठरलें, आणि तें हलवितां येण्याजोगें नव्हतें. सात स्टेडियमें नवीं बांधलीं गेलीं व तीं वेळेवर पुरीं झालीं. बांधणारे हात नेपाळ, बांगलादेश व आपला देश येथून गेलेले होते. आणि मालकाच्या संमतीवांचून नोकरी बदलतां येऊं नये अशी तेथील पद्धत २०२० पर्यंत चालू होती. या सर्व खटाटोपांत किती मजूर मेले याविषयीं आजहि एकमत नाहीं. खुर्च्यांचा आंकडा बिनचूक सांगतां यावा आणि मेलेल्यांचा सांगतां येऊं नये, यांतच सारें आलें. अर्थात् नियमांच्या देशानेंहि फार ताठ मानेनें बोलूं नये; लिव्हरपूलच्या त्याच कामावर २०२३ सालीं एक कामगार अपघातांत मृत्यु पावला.

तात्पर्य, ज्यास आपण सरसकट ‘बांधकामाचा काळ’ म्हणतों, त्यांत तीन निरनिराळे काळ मिसळलेले असतात. एक पदार्थांचा काळ. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनीं मोजण्याचा प्रघात आहे; तें घट्ट होण्यास जो वेळ घेतें, तो कोणाच्या हुकुमानें फारसा कमी होत नाहीं. दुसरा माणसांचा काळ: शेजाऱ्यांचें ऐकणें, मजुरास विश्रांति देणें, तपासनिसास दोष दाखवूं देणें. तिसरा नुसता वायां जाणारा काळ: अपुरा पैसा, खोटीं आश्वासनें, एकमेकांवर ढकललेले कागद. यांपैकीं कपात करण्यास योग्य असा तिसराच. पण तो बहुधा बलिष्ठांच्या हातून वायां गेलेला असतो, व त्यांच्याकडून तो वसूल होत नाहीं. मग तारीख जवळ आली कीं घाईची कात्री दुसऱ्या काळावर चालते; कारण मजूर, शेजारी व उद्यांचा प्रेक्षक यांचा आवाज सर्वांत क्षीण असतो.

म्हणून कोणी अभिमानानें सांगूं लागला कीं, आम्ही हें स्टेडियम इतक्या दिवसांत बांधलें, तर आम्हांस विचारावेंसें वाटतें: वांचविलेले दिवस कोणाचे होते? आणि दुसऱ्यानें विलंबाबद्दल क्षमा मागितली, तर त्यासहि हेंच विचारावें कीं, दवडलेले दिवस कोणाचे होते? या दोन प्रश्नांचें सरळ उत्तर ज्यास देतां येईल, त्यानें तीनशें दिवस घेतले काय किंवा तीन हजार घेतले काय, आमची तक्रार नाहीं.