आठवा डबा

भंडाऱ्यातल्या एका पतसंस्थेच्या साती तालुक्यांत शाखा होत्या. प्रत्येक शाखेत इंटरनेटच्या लाइनवर एक फायरवॉल. नागपूरहून आलेल्या तरुण इंजिनिअरने सगळ्या एका सॉफ्टवेअरला जोडल्या. मॉडेल, सिरियल नंबर, फर्मवेअर, लायसन्सची मुदत, सारं एका स्क्रीनवर, आणि सात हिरवे ठिपके. व्यवस्थापक खूश. म्हणाले, "प्रिंट काढून ठेवा. सोमवारी ऑडिट आहे."

टपाल घेऊन शाखा-शाखा फिरणारे शिपाईकाका चहा ठेवता ठेवता बोलले, "लाखांदुरात तं दोन डब्बे हायेत, साहेब."

"काका, सॉफ्टवेअर सात दाखवतंय."

"तुमी त्याले सांगतलं तेवढंच दाखवते ते. मामा तलावाच्या पाळीले खेकडा बीळ पाडते, ते काय सातबाऱ्यावर चढते?"

सॉफ्टवेअर खोटं बोलत नव्हतं. यादीतल्या यंत्रांना ते दर थोड्या वेळाने हाक मारी. ओ आली की हिरवं, नाही आली की लाल. यादीत नसलेल्याला हाकच जात नाही, मग ते लाल होणार कुठून? हिरव्या ठिपक्यांची हीच मोठी भूल असते, आणि ती हुशार माणसाला आधी पडते.

इंजिनिअर काकांसोबत लाखांदूरला गेला. जुन्या लेजरच्या गठ्ठ्यांमागे, कपाटावर, धुळीने माखलेला डबा लुकलुकत होता. नवी लाइन आली तेव्हा जुनी तोडलीच नव्हती. पिग्मी एजंटांची मशीन ज्या कॉम्प्युटरला लावायची, तो याच डब्यावर चालू. "काढला तर पिग्मी बंद पडेल," या भीतीने कोणी हात लावला नव्हता. डब्यावर चिकटपट्टीखाली पासवर्ड लिहिलेला. देशाची सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे 180 दिवसांचे लॉग जपावे लागतात. इथे कालचेसुद्धा नव्हते.

त्याने कॉम्प्युटरची केबल नव्या फायरवॉलमध्ये घातली, जुनी लाइन बंद केली. पिग्मी चालूच राहिली. डबा पिशवीत घालून दोघं भंडाऱ्याला परतले.

"मिटलं ना मग?" व्यवस्थापक म्हणाले. "आता खरोखरच सात उरले. झालं गेलं कशाला लिहिता?"

इंजिनिअरने आठवी ओळ लिहिलीच: कुठे सापडला, कशाला जोडलेला होता, कधी काढला. शिवाय यादीत एक नवा रकाना पाडला, 'प्रत्यक्ष कोणी पाहिलं, कधी'. लाखांदूरपुढे तारीख पडली. बाकी सहा घरं रिकामी.

"अशी अर्धवट यादी ऑडिटरपुढे ठेवणार?"

"शनिवारपर्यंत भरतील तेवढी भरतो. उरलेली रिकामीच दाखवू."

व्यवस्थापक गप्प झाले. काकांनी टपालाची पिशवी खांद्याला लावली.

"तुमसरपासून सुरू करा, साहेब. तिथं पोटमाळ्यावर काय काय हाये, ते मलेबी पुरतं ठाऊक नाई."