फॉक्सपी-३ दिसलं म्हणून

रोगप्रतिकार यंत्रणेतल्या टी-पेशींमध्ये एक छोटा गट असा आहे, की लढणं हे त्याचं कामच नाही. लढणाऱ्यांना आवरणं हे त्याचं काम. या नियामक टी-पेशींची ओळख जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये पटवली. २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी खपल्या धरलेल्या कातडीच्या, अल्पायुषी उंदरांत बिघडलेलं जनुक शोधलं: फॉक्सपी-३. माणसात तेच बिघडलं की तान्ह्या मुलग्यांना मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि इसब एकदमच गाठतात. नियामक पेशी घडवतं ते हेच जनुक, हे २००३ मध्ये कळलं. २०२५ चं नोबेल या तिघांना मिळालं, ते सर्वार्थाने योग्यच होतं.

पण इतकं सरळ उत्तर हाती आलं की त्याचा मोह पडतो. फॉक्सपी-३ दिसलं, म्हणजे पेशी नियामक! उंदरात हे बरंचसं खपून जातं, माणसात नाही. आपली साधी टी-पेशी चेतवली गेली की तिच्यातही हे जनुक काही काळ व्यक्त होतं आणि मावळतं. तेवढ्याने ती कोणाला आवरू लागते असं नाही. खऱ्या नियामक पेशीत या जनुकाजवळच्या डीएनएच्या एका भागावरचे मिथाइल गट निघालेले असतात, म्हणून तिथे ते टिकून राहतं.

आणखी एक अडचण मला फार महत्त्वाची वाटते. या जनुकापासून बनणारं प्रथिन असतं केंद्रकात. ते पाहायचं तर पेशी रसायनाने स्थिर करून तिच्या पटलाला छिद्रं पाडावी लागतात. त्यात पेशी मरते. जिच्यात फॉक्सपी-३ पाहिलं, तिलाच ‘आता आवरून दाखव’ म्हणता येत नाही.

आज एकेका पेशीतल्या हजारो जनुकांची नोंद घेता येते. पडद्यावर पेशींच्या ठिपक्यांचे पुंजके उमटतात आणि प्रत्येक पुंजक्याला पेशीच्या प्रकाराचं नाव दिलं जातं. ते देताना हात थोडा थांबायला हवा, असं मला मनापासून वाटतं. कारण नियामक पेशी वाढवून रुग्णाला देण्याचे प्रयत्न सुरू आहेत. पृष्ठभागावर सीडी-२५ हे प्रथिन भरपूर आणि सीडी-१२७ हे कमी, या खुणांवरून त्या जिवंत निवडतात. त्यात लढाऊ पेशी मिसळल्या, तर त्याही वाढतात, बऱ्याचदा जास्त वेगाने. म्हणून त्यातल्या थोड्या बाजूला काढून मिथाइल गट निघाल्याची खूण तपासावी, आणि थोड्या चेतवलेल्या टी-पेशींसोबत ठेवून त्यांची वाढ खरोखर रोखली जाते का, ते पाहावं.