मेजावरची जागा



पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून पायांनी अधू झालेला मफीबोशेथ दाविदापुढे स्वतःला मेलेले कुत्रे म्हणवून घेतो (२ शमुवेल ९). राजा वाद घालीत नाही. त्याला आपल्या मेजावर बसवतो.

बिदर जिल्ह्यात हुमनाबादजवळ मोटारसायकलवरून पडलेले आमच्या मंडळीतील एक बंधू, कोणी विचारले की "बरा आहे" एवढेच म्हणत. मेंदूला मार बसला की कधी शब्द उशिरा येतात, राग आवरत नाही; जखम मात्र दिसत नाही. लोक त्यांना प्यालेले समजत. आणि आम्ही? आम्ही त्यांची वाक्ये घाईने पुरी करीत होतो.

गेल्या रविवारी शब्बाथशाळेत त्यांनीच मुलांना सांगितले, "माझ्या डोक्याला मार लागलाय. जरा थांबा, सांगतो."

मुले थांबली.