जायफळ कुठून येते?

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या चार दिवस आधी परिचयातील कुटुंबांतील आठवी-नववीच्या सात-आठ मुलांना घेऊन आम्ही सियागंजात गेलो होतो. निमित्त श्रीखंडाच्या वेलदोड्या-जायफळाचे. हेतू मात्र थोडा निराळा. निघण्यापूर्वी आम्ही सहज विचारले, "जायफळ कुठून येते?" एका मुलाने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "सियागंजातून." सगळे हसले, आम्हीही हसलो. मग ध्यानात आले की, आजवर आमचेही उत्तर याहून फारसे वेगळे नव्हते.

रेल्वे स्थानकाजवळची ही घाऊक पेठ इंदूरच्या जुन्या मराठी घरांना परकी नाही. वर्षाचा मसाला, सणासुदीचा सुकामेवा, मुंजी-लग्नाचा किराणा येथूनच येत आला. गोण्यांच्या थप्प्या, वाट काढणाऱ्या हातगाड्या, नाकाला झोंबणारी मिरची, हे सारे आपल्या ओळखीचे. आपण भाव विचारतो, प्रत पारखतो, घासाघीस करतो. माल कोणत्या मुलखातला, हे मात्र क्वचितच विचारतो. त्या दिवशी मुलांच्या हाती वह्या होत्या आणि विचारायचे एवढेच होते. पाहता पाहता पाने भरली. बदाम कॅलिफोर्नियाचा, हिंग अफगाणिस्तानचा, लवंग मादागास्करची. एका वयस्क व्यापाऱ्याने तर मुलांना थक्कच केले. कोणत्या देशात पाऊस चुकला की कशाचा भाव चढतो, हे त्यांना तोंडपाठ होते. शाळेच्या पुस्तकाहून हा भूगोल निःसंशय जिवंत होता. तरीही परतताना काहीतरी खटकत राहिले. त्या भूगोलात पाऊस होता, बंदर होते, भाव होता, माणूस नव्हता.

जायफळाचेच पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगाला मिळणारे जायफळ आणि जायपत्री इंडोनेशियाच्या पूर्वभागातील बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांतूनच येत असे. हे पीक एकट्याच्या मुठीत असावे, म्हणून १६२१ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसन कून आरमार घेऊन तेथे उतरला. बेटांवरील चाळीसहून अधिक प्रमुखांचा जपानी भाडोत्री सैनिकांकरवी वध करण्यात आला. सुमारे १५ हजारांच्या वस्तीपैकी बहुतेक लोक मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम झाले किंवा पळाले. मागे हजारभरच उरले असावेत, असा अंदाज आहे. मग जमिनीचे तुकडे पाडून डच बागाईतदारांना दिले गेले आणि गुलाम आणून त्यांच्याकरवी झाडे राखली गेली. याच बेटांपैकी रून या बेटावर इंग्रज हक्क सांगत होते. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ते डचांकडे राहिले आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे. आपल्यापैकी अनेकांची नातवंडे आज त्या मॅनहॅटनच्या आसपास नोकरीस आहेत. पण त्या सौद्यातले दुसरे बेट आपल्या श्रीखंडाशी नाते सांगते, हे त्यांना ठाऊक नाही आणि आपणही सांगितलेले नाही. पुढे इंग्रजांनी रोपे बाहेर नेली, जायफळ ग्रेनाडात पोहोचले, तेथील राष्ट्रध्वजावर जाऊन बसले. आपल्या केरळातही ते आज पिकते. पण झाड सर्वत्र गेले म्हणून बांदाची माणसे परत आली नाहीत.

येथे आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी हरकत घेतली. "चारशे वर्षांपूर्वीच्या परक्यांच्या पापाचे ओझे या लेकरांच्या डोक्यावर का? आणि जाणून घेऊन ती करणार काय?" हरकत पोकळ नाही. पाप वारशाने येत नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. श्रीखंड खाणारा कूनच्या कृत्याचा भागीदार ठरत नाही. परंतु अज्ञानाचे तसे म्हणता येईल काय? आपल्या पणजीला बांदा ठाऊक नव्हते, कारण ते कळण्याचा मार्गच नव्हता. तिचे अज्ञान ही परिस्थिती होती. ज्याच्या खिशात सारे जग आहे त्याचे अज्ञान ही त्याची निवड असते, आणि जिथे निवड आली तिथे नीतीचा प्रश्न आला. जाणून काय करायचे, याचे उत्तर आमच्याजवळ तयार नाही. मात्र न जाणताच "काय करणार" म्हणणे आम्हांला अप्रामाणिक वाटते.

खिशातल्या त्या जगाची गंमत अशी की, फोनवरच्या नकाशात आपण निळा ठिपका होऊन मधोमध असतो आणि आपण सरकलो की सारी पृथ्वी आपल्याबरोबर सरकते. मध्य आपलाच असावा, ही हौस तशी जुनी आहे. येथून जेमतेम ५५ किलोमीटरवरच्या उज्जैनीवरून प्राचीन ज्योतिषी मध्यरेषा मानत. पण त्यांनी त्या रेषेपासून इतर गावांचे अंतर काढून गणिताला 'देशांतर' संस्कार दिला. आपला मध्य त्यांनी दुसऱ्याची वेळ अचूक कळावी यासाठी वापरला. निळ्या ठिपक्याला असे देशांतर नाही.

शाळांविषयी फार लिहीत नाही. राजधान्या, पिके, नद्या आणि रिकाम्या नकाशात भरायची नावे, यापलीकडे या विषयाला आपण जागा दिलेली नाही. २०२० साली महाराष्ट्रात टाळेबंदीमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण दिले गेले. निर्णय त्या वेळी योग्यच होता. तरी वुहान नावाचे न ऐकलेले शहर घराघरांत पोहोचले, त्याच वर्षी भूगोल तेवढा परीक्षेवाचून उरकला, हा योगायोग मनातून जात नाही.

आणि जग म्हणजे केवळ परदेश, असेही नव्हे. सरदार सरोवराच्या विजेत सर्वांत मोठा, ५७ टक्के, वाटा आपल्या मध्य प्रदेशाचा. त्याच जलाशयाखाली २०१९ साली धार जिल्ह्यातील निसरपूर गेले. इंदुरातल्या किती मुलांना निसरपूर दाखवता येईल? मुलांचे सोडा. आपल्यापैकी कितीतरी जण आडनावाच्या शेवटी 'कर' लावून पिढ्यान्‌पिढ्या एक गाव नावात वागवतो. पूर्वज होळकरांच्या मागे माळव्यात आले, गाव दक्षिणेत राहिले. ते कोणत्या नदीकाठी आहे, तिथे आज कोण राहते, काय पिकते, हे कधी शोधले आहे काय? त्या दिवशीच्या मुलांपैकी तिघे असे 'कर' होते. एकालाच आपले गाव कोणत्या जिल्ह्यात ते सांगता आले, आणि तेही चुकीचे निघाले.

पाडव्याला त्यांतल्याच एका मुलीकडे आम्ही जेवायला होतो. चक्का फेटून झाला होता, आजी जायफळ किसत होत्या. नातीने वही उघडून बांदाची हकिकत वाचून दाखवली. आजींची किसणी थांबली. "बांदा म्हणजे आपलं सावंतवाडीजवळचं?" त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर त्यांनी माळ्यावरचा, यजमानांच्या शाळेतला जुना नकाशासंग्रह काढायला लावला. इंडोनेशियाच्या पानावर वाळवीने एक कोपरा खाल्ला होता. भिंग आणले गेले. निळ्या समुद्रात माशीच्या पायाएवढे तीन-चार ठिपके दिसले, पण त्यांना नाव नव्हते. मुलीने पेन्सिलीने बारीक अक्षरांत ते लिहिले, आणि आजींनी पान मिटण्याआधी आणखी एकदा भिंग मागून घेतले.