सत्ता, संमती आणि रिकाम्या खुर्च्या

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ग्रामसभेसाठी शंभर खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसे होती मोजून बावीस. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेस एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. तहकूब सभेस मात्र हे बंधन नाही. तेव्हा पुढच्या सभेत वीसेक जणांनी अवघ्या गावाच्या नावाने ठराव संमत केले. परतताना धर्मग्रामातील एक वडीलधारे गृहस्थ भेटले. ते सभेला आले नव्हते. मी कारण विचारले, तर म्हणाले, "फादर, आम्ही येऊन काय होणार? ठरवणारे आधीच ठरवून बसलेले असतात."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. प्रश्न असा आहे की ते खरे असले, तरी त्यामुळे आपली अनुपस्थिती क्षम्य ठरते काय?

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी 1919 साली म्युनिक येथील व्याख्यानात राज्यसंस्थेची व्याख्या केली. विशिष्ट भूप्रदेशात बळाचा अधिमान्य वापर करण्याची मक्तेदारी जिच्याकडे असते, ती राज्यसंस्था. यातील 'अधिमान्य' हा शब्द महत्त्वाचा. लोक कधी परंपरेने, कधी एखाद्या विभूतीच्या प्रभावाने, तर कधी कायद्यावरील विश्वासाने आज्ञा मानतात. म्हणजेच केवळ दंडुक्यावर कोणतीही सत्ता दीर्घकाळ टिकत नाही. शासितांच्या मान्यतेचा आधार तिला लागतोच. आपण गप्प बसतो, तेव्हा आपल्या मौनाचीही गणना त्या मान्यतेत होत असते.

वेबर यांच्या वर्तुळातील रॉबर्ट मिशेल्स यांनी 1911 साली याची दुसरी बाजू मांडली. लोकशाहीचा जयघोष करणाऱ्या जर्मन समाजवादी पक्षातही सूत्रे मूठभरांच्या हाती कशी जातात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. यालाच ते अल्पजनसत्तेचा पोलादी नियम म्हणत. याची कारणे त्यांना स्पष्ट दिसली होती: मोठ्या संघटनेला कारभारी लागतात, कारभाऱ्यांजवळ माहिती आणि कौशल्य साचते, आणि सामान्य सभासद उदासीन असतो. पुढे मिशेल्स इटलीतील फॅसिस्टांच्या गोटात गेले. लोकशाहीवरील निराशा माणसाला कुठवर नेऊ शकते, याचा हा धडा आहे.

वाचकहो, मिशेल्स यांची कारणे पुन्हा पाहा. पहिली दोन पूर्णपणे टाळता येणार नाहीत. तिसरे मात्र आपल्या हाती आहे. 'ते ठरवतात म्हणून आम्ही जात नाही' असे आपण म्हणतो. पण आपण जात नाही, म्हणूनही ते ठरवू शकतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा धोका ठाऊक होता. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला आणि सामाजिक समतेवाचून राजकीय समता टिकणार नाही, असे बजावले. तथापि ते निराश झाले नाहीत. त्यांनी संस्था उभ्या करण्याचा मार्ग धरला. 24 एप्रिल 1993 पासून अमलात आलेल्या 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले आणि पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले.

अर्थात सर्वांच्या अनुपस्थितीला एकच माप लावणे अन्यायाचे होईल. ज्याचा दिवसाचा रोज बुडतो, किंवा जिला चारचौघांत बोलू दिले जात नाही, त्यांचा दोष तो केवढा? ज्याच्याजवळ वेळ आहे, शिक्षण आहे आणि ज्याचा शब्द ऐकला जातो, त्याच्यावरील ऋण मोठे आहे.

हे लिहिताना मला माझीच एक चूक आठवते. सभागृहाच्या दुरुस्तीचा निर्णय मी दोन-तीन 'कामाच्या माणसांना' घेऊन आधीच ठरवला आणि धर्मग्राम मंडळात तो 'सर्वानुमते' संमत करवून घेतला. एका तरुणीने खर्चाचा हिशेब विचारला. मी म्हणालो, "आपण नंतर बोलू." ते बोलणे कधी झाले नाही, आणि पुढच्या सभेला ती आली नाही. तिची खुर्ची मीच रिकामी केली होती. गावच्या पुढाऱ्यांत आणि माझ्यात त्या दिवशी कोणता फरक होता?

पुढे मी तिच्या घरी गेलो आणि हिशेबाचा कागद तिच्यापुढे ठेवला. त्यातील दोन बाबींवर तिने बोट ठेवले. दोन्ही ठिकाणी तिचे म्हणणे रास्त होते. आता सभेचे विषय आठवडाभर आधी घरोघर कळवले जातात. सभा लांबते, वाद होतात, आणि क्वचित माझे मत फेटाळलेही जाते. ते मनाला लागते, हे कबूल करतो. परंतु आपले मत फेटाळले जाण्याची शक्यता ज्याने स्वीकारलेली नाही, त्याने इतरांना लोकशाही शिकवू नये.